खोड सांगून

आधी त्यांच्या खोडी सांगते. त्यांना तेच आवडलं असतं.

भाऊ भांडखोर होते. आमच्या ऑफिसात त्यांच्याशी वाजलं नाही असा माणूस शोधून सापडला नसता. पाण्याचा जार आणून देणाऱ्याशीही त्यांनी, रिकामा जार आधी उचलायचा की भरलेला आधी ठेवायचा, यावरून कितीतरी दिवस अबोला धरला होता. फोन उचलायचे नाहीत. तो वाजला की त्याच्याकडे अशा नजरेने बघायचे की आपणच घाईघाईने तो बंद करावा. लग्नाला बोलावलं तर यायचे, आहेर द्यायचे, नवरदेवाच्या बापाला एखादा टोमणा हाणायचे आणि न जेवता निघून जायचे. चुकलेल्या माणसाला चार लोकांत वाट्टेल ते बोलायचे. मग दुपारी त्याच्याच टेबलावर आपल्या डब्यातला झुणका आणि भाकरी ठेवून, काही न बोलता निघून जायचे. ती त्यांची माफी. शब्दांत माफी मागणं त्यांना जन्मात जमलं नाही, आणि ज्याला झुणका आवडत नव्हता त्याला ती माफी कधी पोचलीच नाही.

आमचं ऑफिस अमरावतीत, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. वऱ्हाडातल्या लहानसहान दवाखान्यांसाठी आणि लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. भाऊ अकोल्याहून बसने रोज जाणं-येणं करायचे. ऑफिसातला एसी त्यांना सोसायचा नाही, म्हणून भर मे महिन्यात बाहेर माणूस भाजून निघत असताना हे आत स्वेटर घालून बसलेले. पहिल्या दिवशी मी हसले, तर म्हणाले, "हासून घे. एकदाच हासता येते, मंग सवय होते."

त्यांचं काम काय होतं ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सॉफ्टवेअर तुकड्यांनी बनतं. कोणी पेशंटची नोंद घेणारा तुकडा लिहितो, कोणी रिपोर्ट छापणारा. काही तुकडे जगभरातल्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळे सोडलेले असतात, ते कोणीही घ्यावेत. काही आमचे खासगी, ते बाहेरच्याला मिळत नाहीत. या तुकड्यांना पॅकेज म्हणतात. ही सगळी पॅकेजं क्लाउडवर एका जागी ठेवलेली असतात, प्रत्येकावर व्हर्जनचा नंबर टाकून. दवाखान्यातला कॉम्प्युटर बिघडला आणि नवा आणला, की तो त्या जागेकडे आपला नंबर मागतो आणि पुन्हा कामाला लागतो. इंग्रजीत त्या जागेला मोठं भारदस्त नाव आहे. भाऊ तिला कोठा म्हणायचे. आमच्याकडे गुरांच्या गोठ्याला कोठा म्हणतात. आणि त्या कोठ्याचे राखणदार भाऊ.

त्यांचा एक नियम होता, त्यासाठी ते कोणाशीही भांडले असते. पॅकेजवर एकदा नंबर पडला की त्याच्या आत काडीचाही बदल करायचा नाही. सुधारायचं असेल तर खुशाल सुधारा, पण त्याला नवा नंबर द्या. जुना जसा दिला तसाच राहिला पाहिजे, चुकीसकट. एकाने एकदा नुसतं एक स्पेलिंग गुपचूप सुधारून तोच नंबर ठेवला, तर भाऊ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "तोच नंबर अन् आत दुसरा माल? मंग मानसानं भरवसा कायच्यावर ठेवाचा?" त्या दिवशी झुणका त्याच्या टेबलावर गेला.

खासगी पॅकेजांची नावंही तेच ठेवायचे, आणि ती सगळी आमच्या इकडच्या गावांची. रिपोर्ट छापणारं हिवरखेड. लसीच्या फ्रिजचं तापमान बघणारं चिखलदरा. भाऊंनी आयुष्यात केलेला हा एकच विनोद. पुण्याहून आलेल्या एका मॅनेजरला हे भलतंच गावठी वाटलं. त्याने विचारलं, "रिपोर्टच्या पॅकेजला हिवरखेड कशासाठी?"

"तुमच्या मनात हे नाव आलं असतं काय?"

"नाही."

"मंग चोराच्याबी मनात येनार नाही."

त्यात खरंच तथ्य होतं. आमच्या खासगी पॅकेजचं नाव साधंसुधं, कोणालाही सुचेल असं असलं, तर बाहेरचा एखादा लबाड त्याच नावाचं आपलं पॅकेज मोकळ्या बाजारात आणून ठेवतो, वर मोठा नंबर टाकतो, आणि बेसावध कॉम्प्युटर घरचं सोडून बाहेरचं उचलून आणतो. मॅनेजर पुढे दुसऱ्या कंपनीत गेला, तिथे नेमकं हेच घडलं, आणि हे सांगायला तो मुद्दाम आमच्याकडे आला. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "च्या घ्या."

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती, आणि ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

त्यांचे वडील नांदगाव खंडेश्वरकडचे शेतकरी. बैल विकायला बाजारात नेला की गिऱ्हाइकाला ते आधी बैलाची खोड सांगायचे. हा उजवीकडून हात लावला तर लाथ घालतो. हा पाणी बघून बिचकतो. हा एकटा चालत नाही, याला जोडीच लागते. मग गिऱ्हाइकाने बैलाभोवती फिरायचं, दात बघायचे, चालवून बघायचं. न सांगितलेली खोड सापडली तर सौदा मोडला. "बाप माहा दिवस दिवस उन्हात उभा राहे," भाऊ सांगायचे, "पन त्याचा देल्ला बैल कोनी वापस नाही आनला."

हाच रिवाज त्यांनी आमच्या ऑफिसात आणला होता. प्रत्येक खासगी पॅकेजला एक धनी. तो नोकरी सोडून निघाला की त्याने गच्चीवर सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या पॅकेजच्या खोडी सांगायच्या. जो ते घेणार त्याने आधी त्याच्याभोवती फिरायचं, म्हणजे ते चालवून, वाकवून, रडवून बघायचं, आणि न सांगितलेली एक तरी खोड शोधून काढायची. ती सापडली की भाऊ दोघांच्या हातावर गूळ-फुटाणे ठेवायचे आणि पॅकेज नव्या धन्याच्या नावावर व्हायचं. साहेब, म्हणजे आमचे मालक, या प्रकाराला हसायचे. पण गच्चीवर तेही यायचे, आणि फुटाणे त्यांनाच जास्त लागायचे.

आमच्यातली एक मुलगी लग्न होऊन नाशिकला निघाली. लॅबच्या रिपोर्टचं पॅकेज तिचं. ती उभी राहिली आणि ते किती वेगात चालतं हे सांगू लागली. भाऊंनी तिला मध्येच थांबवलं. "गुन नको सांगू. गुन त्याचे त्याले दिसतीन. खोड सांग." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती म्हणाली, की पेशंटचं नाव लांबलचक असलं की छापताना वय कापलं जातं, आणि हे तिला कधीपासून ठाऊक होतं. भाऊंचा चेहरा निवळला. "आता घेनाऱ्याले झोप येईन," ते म्हणाले.

भाऊंचं स्वतःचं पॅकेज एकच, नांदगाव. आपल्या गावाचं नाव त्यांनी त्यालाच दिलं होतं. नवजात बाळांच्या वॉर्डात ते चालायचं. बाळाचं वजन टाकलं की ते औषधाचं माप काढायचं आणि सिरिंजवर चिकटवायचं लेबल छापायचं. तेल्हारा, अकोट, दर्यापूर, कुठे कुठे ते बसवलेलं होतं, आणि काही ठिकाणी अजून पहिल्याच नंबरवर चालू होतं, कारण तिथले कॉम्प्युटर जुने.

मी ते मागितलं होतं. भाऊंनी विचारलं, "त्याच्याभोवती फिरलीस काय?"

"फिरले. भाऊ, त्यात खोड नाही."

"मंग तुले नाही देत. खोड नाही म्हननाऱ्याच्या हाती मी दावं नाही देत."

मला राग आला. मी काही नवखी नव्हते. दुपारी टेबलावर झुणका आला, तो मी शिपायाला देऊन टाकला.

मग त्यांच्या छातीत पाणी झालं. आधी खोकला, मग ऑफिसचा जिना चढताना दम, मग एक दिवस ते आलेच नाहीत. अकोल्याला दवाखान्यात दाखल केल्याचं कळलं. पुढचं डॉक्टरांनी काकूंना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, सांगितलं होतं, आणि काकूंनी आम्हाला न सांगताही आम्हाला समजलं होतं.

त्याच सुमारास साहेबांनी कोठा साफ करायचं ठरवलं. क्लाउडवरची जागा फुकट मिळत नाही, आणि जे नंबर फार दिवसांत कोणी मागितले नाहीत ते आपोआप पुसून जातील अशी व्यवस्था त्यात करता येते. त्यात चूक काही नव्हती. फक्त पॅकेजच्या धन्याने 'हे ठेवा' म्हटलं, तर ते राहणार होतं. धनीच नसेल तर जाणार. आणि नांदगावचा धनी अकोल्यात ऑक्सिजनवर होता; त्यांच्यामागे 'ठेवा' म्हणायला कोणी उरणार नव्हतं.

मला एकच दिसत होतं. खेड्यातल्या दवाखान्याचा जुना कॉम्प्युटर वर्षानुवर्षं कुरकुरत चालतो आणि एका उन्हाळ्यात बसतो. त्या दिवशी तो आपला जुना नंबर मागेल आणि कोठ्यात तो नसेल. तिथे त्या वेळी काचेच्या पेटीत कोणाचं तरी बाळ असेल. नांदगावला धनी मिळालाच पाहिजे होता, आणि भाऊ तो खोडीशिवाय देणार नव्हते.

मी पुन्हा नांदगावभोवती फिरायला लागले. या वेळी इंजिनिअर म्हणून नाही. माझी आत्या नर्स होती; ड्युटीवरून आली की चपला काढायचंही त्राण तिला नसायचं. तशी दमलेली बाई काय काय चुकेल, ते मी करत गेले. एकदा वजनाचा आकडा मुद्दाम चुकीचा टाकला, जास्तीचा. मग लक्षात आल्यासारखं करून तो दुरुस्त केला. स्क्रीनवर नवं वजन आलं. लेबल छापलं. लेबलवर औषधाचं माप जुन्या वजनाचंच होतं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. आत शिरून पाहिलं तेव्हा कळलं. त्या काळी दवाखान्यांत नेट रडतखडत चालायचं, म्हणून भाऊंनी बाळाचं त्या दिवसाचं पहिलं वजन जवळ धरून ठेवायची सोय केली होती. त्या सोयीचीच खोड झाली होती, आणि ती पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत होती. खोड सापडली म्हणून मला क्षणभर आनंद झाला, आणि लगेच ही लेबलं कुठे कुठे छापली जातात ते आठवलं.

सकाळची बस धरून मी अकोल्याला गेले. भाऊ उशांना टेकून बसले होते, अंगावर तोच स्वेटर. काकू शेजारी स्टुलावर. मी कसंबसं म्हटलं, "भाऊ, नांदगावात खोड आहे. तुम्ही सांगितली नव्हती."

त्यांचे डोळे चमकले. इतके दिवस ते याचीच वाट पाहत होते. "सांग."

मी सांगितलं. चमक हळूहळू गेली. "पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

"कोन्या नंबरापासून?"

"पहिल्या."

मग विचारलं, "कोन्या लेकराले लागलं काय?"

"माहीत नाही, भाऊ."

"फोन दे," ते काकूंना म्हणाले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही हे नवीन होतं.

मी बसमधूनच साहेबांना कळवलं होतं. तेवढ्यात त्यांचाच फोन आला. साहेब वाईट माणूस नाहीत, पण दोन नव्या दवाखान्यांच्या सह्या तेव्हा व्हायच्या होत्या. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही आराम करा. आम्ही जुन्या नंबरातच दुरुस्त करून टाकतो. कोणाला कळायचंही नाही, आणि यापुढे जो घेईल त्याला चांगलंच मिळेल."

"अन् ज्याइनं घेऊन ठेवलं हाय, त्याइले कोन सांगन?" भाऊंना एका वाक्याला दोनदा थांबावं लागत होतं. "साहेब, तुमी कोठ्यातला बैल बदलवसान. वावरात गेल्ला कसा बदलवसान?"

भाऊंनी खूण केली, काकूंनी फोन बंद केला.

मग आयुष्यभर फोनला हात न लावणाऱ्या माणसाने एकामागून एक दवाखान्यांना फोन केले. मी नंबर लावायची, काकू फोन त्यांच्या कानाशी धरायच्या. प्रत्येक ठिकाणी तेच बोलणं. "नांदगाववाला बोलून राहिलो. माह्या पॅकेजमंदी खोड निंगाली. वजन सुधारलं तं लेबल सुधरत नाही. नवा नंबर येईपर्यंत लेबल नका वापरू." कोणी चिडलं, कोणी दोनदा विचारलं. तेल्हाऱ्याकडच्या एक जुन्या सिस्टर मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, आमी लेबलवर भरवसा ठेवतोच कवा? मशीन बसवाले आले तवा तुमीच तं सांगतलं होतं, आधी कागदावर हिशोब करा, मंग लेबल पाहा." भाऊ हसले, आणि हसताना त्यांना इतका खोकला आला की काकूंनी फोन माझ्याकडे दिला. बहुतेकांनी असंच सांगितलं.

एका ठिकाणी तरुण डॉक्टर फोनवर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मागचं एक बाळ आठवून राहिलं, भाऊ. वजन नंतर सुधारल्याचं आठवते. पन ते आधीच लय नाजूक होतं. कायमुळं गेलं, आता नाही सांगता येनार."

"बरं," भाऊ म्हणाले. काकूंनी फोन खाली घेतला. मी पुढचा नंबर लावत नव्हते, तर भाऊंनीच माझ्याकडे पाहिलं. "पुढचा लाव."

ते आणखी काही दिवस होते. त्या दिवसांत त्यांनी त्या बाळाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि दुसऱ्या कशाबद्दलही फारसं नाही. मी तिथेच खुर्चीत लॅपटॉप घेऊन दुरुस्ती केली. जुन्या नंबरांच्या आत हात लावायचा नव्हता. पण त्यांच्यावर इशारा लावून ठेवता येतो, म्हणजे जो मागेल त्याला आधी तो दिसतो. तेवढं केलं. नव्या नंबराच्या आत पहिल्याच ओळीला खोड लिहायची, हाही त्यांचाच रिवाज. ती भाऊंनी सांगितली, मी लिहून घेतली.

"लिही. वजन बदललं तरी औषधाचं माप बदलत नव्हतं. ही खोड माह्या हातची हाय. मले दिसली नाही." मग श्वास घेऊन म्हणाले, "कोन्या लेकराले लागली काय, मले मालूम नाही."

"भाऊ, हे लिहायलाच पाहिजे?"

"घेनाऱ्याले सांगाव लागते."

मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि मी नंबर टाकला. काकूंच्या डब्यात गुळाचा खडा होता. भाऊंनी तो अर्धा करून एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"घेतलं?"

"घेतलं, भाऊ."

"पाहून घेतलं?"

"पाहून घेतलं."

तेराव्याला आम्ही सगळे अकोल्याला गेलो. त्या दोन नव्या दवाखान्यांपैकी एकाची सही फिसकटली होती, तरी साहेब आले आणि फोटोसमोर लहान मुलासारखे रडले. जो तो भाऊंचे गुण सांगत होता. देवमाणूस, म्हणत होता. ज्यांच्याशी त्यांनी जन्मभर उभा दावा मांडला तेसुद्धा म्हणत होते. मला ते ऐकवेना, म्हणून मी मागच्या अंगणात गेले. साहेब मागून आले.

"ते शेवटचं वाक्य काढून टाक," ते म्हणाले. "लेकराचं."

"साहेब, नंबर पडला आहे."

"मला माहीत आहे. पण धनी आता तू आहेस. पुढचा नंबर देशील त्यात नको लिहू. कंपनीसाठी म्हणत नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर असं काही राहू नये, इतकंच."

ते खरंच इतकंच म्हणत होते. आणि मलाही ते वाक्य नको होतं. नांदगाव उघडलं की पहिलं तेच मला दिसायचं. ते बाळ लेबलमुळे गेलं नसेलही. कोणालाच ते कधी कळणार नव्हतं. मग एका भल्या माणसाने ते कायमचं आपल्या नावावर का लावून घ्यावं? मी हो म्हणायच्या बेतात होते.

काकू नळाशी ताटं विसळत होत्या. आम्हाला वाटलं त्यांचं लक्ष नाही. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"काहून काढता, साहेब?" त्या म्हणाल्या. "त्याइले माफी मांगता नाही ये. रोज कोनाशी ना कोनाशी भांडून येतीन हे मले मालूम होतं, म्हून मी डब्यात झुनका जास्तीचा बांधो. पन त्या लेकराच्या मायले त्याइनं झुनका कुठं नेऊन द्याचा होता? तेवढं लिवलेलं राहू द्या."

साहेब आत गेले. मी काकूंच्या शेजारी बसून ताटं विसळू लागले.

नांदगावला त्यानंतर मी बरेच नवे नंबर दिले. ते वाक्य प्रत्येकात आहे, पहिल्या ओळीत, त्यांनी सांगितलं तसंच.